साहेबाच्या खिशातल्या किल्ल्या

माजोरड्या साहेबाचं काय करायचं, या प्रश्नाला आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं आहेत. घरातले वडीलधारे म्हणतात, सहन कर, नोकऱ्या काय झाडाला लागतात का? मित्र म्हणतात, दे सोडून, तुला कुठेही मिळेल. आणि ज्याला आयुष्यात कधी साहेब नव्हता असा एखादा दुकानदार मेहुणा म्हणतो, एकदाच असा सुनाव की परत तुझं नाव काढणार नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जवळपास याच तीन वाटांवर एक छोटं पुस्तक लिहिलं: बाहेर पडणं, आवाज उठवणं आणि निष्ठेने टिकून राहणं. बाहेरची वाट फार सोपी असेल तर आत राहून आवाज उठवायला कुणी थांबत नाही, हे त्यातलं मला सर्वांत उपयोगी वाटलेलं निरीक्षण. तेजीच्या काळात हिंजवडीत कुणीच तक्रार का करत नाही आणि मंदी आली की सगळ्यांना एकदम आपापल्या मॅनेजरचे दुर्गुण का दिसायला लागतात, ते यावरून कळतं.

तिन्ही सल्ले साहेबाच्या स्वभावावर बेतलेले असतात. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हणही तेच करते. लाथ मारणं हा घोड्याचा स्वभावच, त्याला कोण काय करणार? मानसशास्त्र, गिरणगावचा इतिहास आणि न्यायालयांचे निकाल शेजारी ठेवून वाचले की मला मात्र वेगळं दिसतं. साहेबाच्या स्वभावाचं निदान करत बसण्यात नोकरदाराचा वेळ जातो. त्यापेक्षा त्याच्या खिशात कोणकोणत्या किल्ल्या आहेत ते पाहावं: पगारवाढीची, रजेची, बदलीची, बढतीची, अनुभवाच्या दाखल्याची. माज त्या किल्ल्यांवर पोसतो आणि एखादी किल्ली काढून घेतली की बऱ्यापैकी उतरतोही. (साहेब म्हटलं की त्यात मॅडमही आल्या. माजाला लिंगभेद मान्य नाही.)

आधी एक गल्लत दूर करायला हवी. कडक साहेब आणि माजोरडा साहेब या दोन वेगळ्या जाती आहेत. कडक साहेब चुकीबद्दल बोलतो, माजोरडा माणसाबद्दल. अमेरिकी संशोधक बेनेट टेपर यांनी २००० साली या विषयावरचा पायाभूत ठरलेला निबंध लिहिला आणि हाताखालच्यांनी साहेबाला कसं जोखावं यासाठी पंधरा वाक्यांची प्रश्नावली दिली. ती वाचताना कुठल्याही देशातल्या नोकरदाराला आपल्याच ऑफिसात कुणीतरी नोंदी घेत बसलं होतं असं वाटेल. चारचौघांत पाणउतारा करणं, मुद्दाम अबोला धरणं, जुन्या चुका उगाळणं, कष्टाचं श्रेय न देणं, स्वतःची लाज झाकायला दुसऱ्यावर खापर फोडणं, दिलेला शब्द मोडणं, दुसरीकडचा राग इथे काढणं. टेपर यांच्या व्याख्येत दोन अटी आहेत: हे वागणं सातत्याचं हवं, आणि त्यात अंगाला हात लावणं धरलेलं नाही. म्हणजे मार्चअखेरीला एकदा भडकलेला साहेब यात बसत नाही. वर्षभर, दर सोमवारच्या मीटिंगमध्ये एकाच माणसाला सोलणारा बसतो.

आपल्या न्यायालयांनी ओढलेली रेषा यापेक्षा बरीच पलीकडे आहे. सिकंदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेतल्या सहायक प्राध्यापिकेने वरिष्ठाने मोठ्या आवाजात झापल्याची फौजदारी तक्रार केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द केलं. कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने दिलेली समज हा गुन्हेगारी स्वरूपाचा हेतुपुरस्सर अपमान ठरत नाही, नाहीतर शिस्तच उरणार नाही, असा त्याचा रोख. तत्त्व म्हणून हे पटतं. साहेबाने आवाज चढवला म्हणून पोलीस ठाणं गाठायची सोय झाली तर उद्या हजेरीपुस्तकावरूनही गुन्हे दाखल होतील. पण त्यामुळे टेपर यांची पंधरा वाक्यं आणि फौजदारी गुन्हा यांच्यामध्ये एक मोठं मोकळं मैदान राहतं, आणि आपल्याकडचे बहुतेक माजोरडे साहेब आरामात त्याच मैदानात फिरत असतात.

माज येतो कुठून? ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री आणि मुळात पेशाने डॉक्टर असलेले डेव्हिड ओवेन यांनी २००९ साली जोनाथन डेव्हिडसन यांच्यासह सत्ताधाऱ्यांच्या गर्वावर एक वैद्यकीय निबंध लिहिला. ब्रिटनचे पंतप्रधान आणि अमेरिकेचे अध्यक्ष त्यांनी तपासले, चौदा लक्षणं मांडली, आणि त्यातला खरा मुद्दा असा: हा विकार सत्तेसोबत जडतो आणि सत्ता गेली की बहुधा ओसरतो. निवृत्त झालेला दरारेवाला डेप्युटी इंजिनिअर बागेत भेटल्यावर किती गोड बोलतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा निबंध वाचायची गरज नाही.

दुसरं काम संशोधक नॅथनेल फास्ट आणि सेरेना चेन यांचं, तेही २००९ चंच. हातात अधिकार आहे पण आपण त्या जागेला पुरे पडत नाही असं ज्यांना आतून वाटतं, ती माणसं जास्त आक्रमक होतात, असं त्यांना दिसलं. नुसता अधिकार माणसाला तितका बिघडवत नाही, नुसता न्यूनगंडही नाही. दोन्ही एकत्र आले की साहेब अंगावर येतो. आणखी गंमत म्हणजे अशा माणसाच्या मनाला थोडं कुरवाळलं की त्याची आक्रमकता कमी होते. पुढेपुढे करणाऱ्या सहकाऱ्याला आपण नावं ठेवतो, पण त्याच्या हाती एक सिद्ध झालेलं औषध असतं, एवढं मान्य करावं लागेल. औषधाचा दुष्परिणाम एवढाच की साहेबाला स्वतःच्या अपुरेपणाचा पत्ताच लागत नाही.

भारतीय ऑफिसात याला आणखी एक पदर आहे. सुधीर कक्कर यांनी १९७१ साली भारतीय संस्थांतल्या अधिकाराच्या रीतींवर लिहिलं. पुढे पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या पुस्तकात असं मांडलं की इथल्या कर्मचाऱ्याला ना हुकूमशहा आवडतो ना पूर्ण बरोबरीने वागणारा. त्याला काम चोख मागणारा आणि कामाच्या बदल्यात माया करणारा वडीलधारा हवा असतो. संस्कृती-अभ्यासक हॉफस्टेड यांच्या देशोदेशींच्या तुलनेत वरिष्ठ-कनिष्ठ अंतर मुकाट मान्य करण्यात भारताचे गुण ७७ आहेत, म्हणजे बरेच वर. सिन्हा यांचं निरीक्षण मला खरं वाटतं, आणि धोक्याचंही. ‘तोंडाने फटकळ आहेत, पण मनाने चांगले’ हे वाक्य मराठी ऑफिसांत जितकं चालतं तितकं दुसरं कुठलंच चालत नसेल. मायेची बाजू प्रत्यक्षात कधी दिसली का, हे कुणी तपासत नाही. वडीलधारेपणाच्या नावावर फटकळपणा मात्र रोज वसूल होतो.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत शिकण्याजोगं प्रकरण मुंबईच्या गिरण्यांतलं आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ते कुठे सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरणी कामगाराचा खरा साहेब मालक नव्हता, युरोपीय मॅनेजरही नव्हता. तो होता जॉबर, म्हणजे मुकादम. सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गर्दीतून आज कुणाला आत घ्यायचं ते तो ठरवायचा. काम देण्याबद्दल दस्तुरी घ्यायचा, टिकवण्याबद्दल पुन्हा घ्यायचा. कुणाला व्याजाने पैसे द्यायचा, कुणाला चाळीत खोली मिळवून द्यायचा. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकिणी करत. कोकणातून, घाटावरून नुकत्याच आलेल्या माणसाची नोकरी, उधारी आणि निवारा अशा तिन्ही किल्ल्या एकाच खिशात. अशा माणसाच्या वागण्यात नम्रता शोधणं म्हणजे गिरणीच्या भोंग्यात ताल शोधणं.

पण इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं की हा जॉबर वाटतो तेवढा सर्वशक्तिमान नव्हता. खात्यात पुरेशी माणसं हजर ठेवणं ही त्याची जबाबदारी होती. माणसं बिथरली, दुसऱ्या जॉबरकडे गेली किंवा संपावर बसली, तर त्याचीच नोकरी धोक्यात यायची. चाळीत, वाडीत, खानावळीत त्याला आपली पत राखावी लागायची. म्हणून मोठ्या संपांत कित्येक जॉबरांना मालकाची बाजू सोडून कामगारांच्या मागे जावं लागलं. वरच्याला आपली किती गरज आहे हे खालच्याने ओळखणं, हीसुद्धा एक किल्लीच. फक्त ती आपल्या खिशात असते आणि आपल्याला ठाऊक नसते.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या भरतीच्या अधिकारावर कडक टीका केली. गिरणीमालकांच्या संघटनेने १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्ड द्यायला सुरुवात केली: महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड, रोज सकाळी त्यांनी हजर व्हायचं, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. कामगारांवरच्या प्रेमापोटी हे झालं नव्हतं. मालकांना भरती स्वतःच्या ताब्यात हवी होती. दस्तुरी एका दिवसात बंद झाली नाही, पण फाटकावरची निवड जॉबरच्या मर्जीतून हळूहळू निसटू लागली. त्याला कुणी सौजन्याचं प्रशिक्षण दिलं नव्हतं, त्याचा स्वभावही बदलला नव्हता. एक कार्ड छापलं गेलं होतं.

आजच्या किल्ल्या वेगळ्या आहेत आणि त्या प्रत्येक क्षेत्रात वेगळ्या माणसाच्या हाती आहेत. म्हणूनच सगळ्यांना एकच सल्ला देणारी पुस्तकं फार काळ उपयोगी पडत नाहीत.

सरकारी नोकरीत दोनच किल्ल्या महत्त्वाच्या: गोपनीय अहवाल आणि बदली. पूर्वी प्रतिकूल शेरा तेवढा कळवायचे. ‘चांगला’ असा शेरा कळवतच नसत, मग बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा असला तरी बिचाऱ्याला आपण कुठे अडकलो ते समजायचं नाही. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. बदलीबाबत महाराष्ट्राने २००५ साली कायदाच केला: सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ, आणि मुदतीआधी हलवायचं तर लेखी कारणं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता. १९९१ पासून दाद मागायला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे; मुंबईसह नागपूर आणि औरंगाबादला खंडपीठं आहेत. कारणं न नोंदवता केलेल्या मुदतपूर्व बदल्या मॅटमध्ये टिकत नाहीत, हे मंत्रालयातल्या कुठल्याही कार्यासन अधिकाऱ्याला विचारा. म्हणून हुशार साहेब आता बदली करत नाही. तो टेबल बदलतो, फाईल काढून घेतो, सहा महिने कुठलंच काम देत नाही. बिनकामाचा पगार घेत खुर्चीत बसून राहणं ही शिक्षा किती जाचक असते, ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

खासगी कंपनीत मुख्य किल्ली रेटिंगची. बेल कर्व्हची पद्धत असताना प्रत्येक टीममधल्या ठरावीक टक्के लोकांना तळाला टाकणं भागच असे; त्यामुळे चांगल्या टीमचा सभ्य मॅनेजरही दरवर्षी एकदा जल्लाद व्हायचा आणि वाईट मॅनेजरला तर आयतं हत्यारच मिळायचं. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडली, इन्फोसिसने २०१५ मध्ये. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड ही दुसरी किल्ली: नवी कंपनी म्हणते महिन्यात या, जुना साहेब म्हणतो रिलीज देत नाही. तिसरी होती प्रॉव्हिडंट फंडाची, आणि ती आता खिशातून गेली आहे. पूर्वी नोकरी सोडल्यावर फंडाच्या फॉर्मवर जुन्या मालकाची सही लागायची. त्या एका सहीसाठी लोक सोडलेल्या ऑफिसच्या बाकावर तासन्‌तास बसत. २०१४ मध्ये यूएएन क्रमांक आला, तो आधारला जोडला गेला, बहुतेक दाव्यांत ती सही लागेनाशी झाली. २०२० पासून नोकरी सोडल्याची तारीखसुद्धा कर्मचारी स्वतः नोंदवू शकतो. सूडबुद्धीने फंड अडकवणाऱ्या मालकांची एक पिढीच त्यामुळे निरुपयोगी झाली. वर्तमानपत्रांनी या बातम्या अर्थविषयक पानावर छापल्या. मला विचाराल तर त्या कामगार चळवळीच्या बातम्या होत्या.

खासगी अनुदानित शाळांची गोष्ट निराळीच. तिथे शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची असतात. प्राथमिकला हे मानधन बरीच वर्षं सहा हजार होतं, २०२३ पासून ते सोळा हजार झालं. त्या तीन वर्षांत संस्थाचालकाच्या घरच्या लग्नात पंगती वाढण्यापासून निवडणुकीच्या याद्या लिहिण्यापर्यंत काय काय करावं लागतं, यावर ग्रामीण महाराष्ट्रात कुणी वाद घालणार नाही. १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिलं आहे, तीस दिवसांत अपील करता येतं, पण ते काढून टाकल्यावर किंवा पदावनती झाल्यावर. रोजच्या मानहानीला अपील नाही. आणि अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या मराठी इंजिनिअरसाठी साहेबाच्या खिशात घराचीच किल्ली असते: नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, किंवा व्हिसा बदलायचा, नाहीतर मुलांची शाळा सोडवून परत यायचं. सॅन होजेतला मराठी माणूस मॅनेजरबद्दल किती सौम्य शब्दांत बोलतो ते ऐकावं.

जिथे साहेबाचा माज जात किंवा स्त्री-पुरुष भेदावर स्वार होतो, तिथे प्रकरण वेगळ्या इयत्तेत जातं. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका आदिवासी निवासी डॉक्टरने आत्महत्या केली आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचे आरोप झाले. तिथे अॅट्रॉसिटी कायदा लावला गेला. लैंगिक छळाबाबत १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१३ चा कायदा आहे: दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, तीन महिन्यांत तक्रार, आणि लहान आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. या दोन दारांमधून न जाणारा, म्हणजे जात-लिंग न पाहता सगळ्यांना सारखंच तुच्छ लेखणारा साहेब, भारतात कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य आहे.

इतर देशांनी हे मैदान थोडं तरी कुंपणात घेतलं. स्वीडनने १९९३ मध्येच कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम केले. फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळ हा गुन्हा ठरवला, आणि फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखांना २०१९ मध्ये दोषी ठरवलं गेलं, ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवलं. त्या खटल्यात कुणी कुणाला शिवी दिली याचा शोध नव्हता. बावीस हजार माणसं कमी करण्यासाठी आखलेलं धोरणच छळ ठरलं. दक्षिण कोरियात २०१४ साली कोरियन एअरच्या मालकाच्या मुलीने शेंगदाण्याच्या पाकिटावरून, नेमकं सांगायचं तर मॅकाडेमियाच्या दाण्यांवरून, धावपट्टीकडे निघालेलं विमान मागे फिरवलं. देशभर संताप झाला आणि २०१९ पासून तिथे कामाच्या ठिकाणच्या छळाला कायद्याने बंदी आहे. तक्रारदारावर सूड उगवणाऱ्या मालकाला तुरुंगही होऊ शकतो. जपानच्या कायद्यात थेट शिक्षा नाही, पण कंपनीने यंत्रणा उभारणं सक्तीचं आहे, २०२० पासून मोठ्यांना आणि २०२२ पासून छोट्यांनाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये यावर १९० क्रमांकाचा करार केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं.

राहता राहिला कामगार कायदा. वाईट हेतूने, धोरणाच्या नावाखाली केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा, असं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण संहितेतल्या ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय काम करणारे बसत नाहीत, आणि अठरा हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षकही नाहीत. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येकाला दोन वर्षांत ‘लीड’ म्हणून बढती मिळते, त्यामागे हाच विचार असेल असं मी म्हणत नाही. पण त्याचा परिणाम तो होतो.

टोकाची प्रकरणं फौजदारीत जातात, तीही बहुधा टिकत नाहीत. औरंगाबादच्या शिक्षण खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या आत्महत्येनंतर वरिष्ठावर गुन्हा दाखल झाला होता; मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जास्त काम देणं म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त करण्याचा हेतू नव्हे, असं न्यायालय म्हणालं. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या सल्लागार कंपनीतल्या सव्वीस वर्षांच्या सीए तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दखल घेतली, कामगार खातं ऑफिसात पोहोचलं. मृत्यू कामाच्या ताणामुळेच झाला का, यावर वाद आहे. कामगार खातं एरवी त्या इमारतीत कधी गेलं होतं, यावर फारसा वाद नाही.

मग उद्या सकाळी ऑफिसला जाणाऱ्याने काय करावं? बोलणं कसं, यावर सर्वांत गंभीर विचार विमानचालकांनी केला आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूला धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळलं, १५८ माणसं गेली. चौकशीत दिसलं की सहवैमानिकाने तीनदा विमान पुन्हा वर घ्यायला सांगितलं होतं. कॅप्टनने उतरवणं चालूच ठेवलं. अशा प्रसंगांसाठी वैमानिकांना चार पायऱ्या शिकवतात: आधी विचारा, मग सावध करा, मग थेट हरकत घ्या, आणि शेवटी ताबा घ्या. ऑफिसात चौथी पायरी नसते, पण पहिल्या तीन असतात, आणि आपण दोन्ही टोकं पकडतो: एकतर वर्षभर गप्प, नाहीतर एके दिवशी सगळ्यांसमोर स्फोट. ‘सर, या आकड्यात गेल्या महिन्याचे परतावे धरलेत का?’ हा प्रश्न खोलीत एकट्याने विचारला तर न्यूनगंडी साहेबालाही माघार घ्यायला जागा राहते. चारचौघांत विचारला तर तो आकडा सोडून तुमच्या मागे लागेल.

लिहून ठेवणं हा दुसरा उपाय, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा. तारीख, वेळ, शब्द, कोण उपस्थित होतं. तोंडी सूचनेनंतर ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम थांबवून तमुक घेत आहे’ अशी दोन ओळींची मेल. तक्रार म्हणून नाही, कामाची नोंद म्हणून. यामुळे साहेब सुधारेल असं नाही, पण ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे वाक्य त्याच्या हातून जातं. एक सावधगिरी: कंपनीच्या फाईली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. छळाची तक्रार बाजूला राहते आणि गोपनीयतेच्या भंगावरून तुमचीच चौकशी सुरू होते. आपली डायरी आपल्या वहीत, आपल्या भाषेत असावी.

एचआरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एचआर कंपनीचं असतं. तीन जणांची एकाच अर्थाची, तारखांसह तक्रार गेली तर त्यांना कंपनीचा धोका दिसतो आणि ते हलतात. एकट्याची गेली तर त्यांना तुमचाच धोका दिसतो. जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या कोलकात्यातल्या अधिकाऱ्याचा ऑनलाइन मीटिंगमध्ये हाताखालच्यांवर ओरडतानाचा व्हिडिओ पसरला, आणि बँकेने त्याला लगेच निलंबित केलं. त्याच्यावर वरून टाकलेलं टार्गेट मात्र निलंबित झालं नाही. पुण्यातल्या नाइट्ससारख्या आयटी कर्मचारी संघटना कामगार मंत्रालयापर्यंत तक्रारी नेतात, हा त्यातल्या त्यात नवा आणि चांगला भाग; पण सदस्य म्हणून नाव द्यायला लोक अजून कचरतात.

सोसत राहण्याची किंमत मोठी आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं चालवलेल्या व्हाइटहॉल अभ्यासांत हुद्दा जितका खालचा तितका हृदयविकार जास्त असं दिसलं, आणि कामावर आपला ताबा नसणं हे त्यामागचं एक कारण निघालं. साहेब न्यायाने वागवतो असं ज्या पुरुषांना वाटत होतं, त्यांच्यात हा आजार कमी आढळला. आणि वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे तर अभ्यासानेही दाखवलं गेलंय: साहेबाचा जाच सोसणाऱ्यांच्या घरच्यांशी टेपर यांच्या पठडीतले संशोधक बोलले, तेव्हा तो जाच घरात पोहोचलेला दिसला. वरचा मॅनेजर जसा, तसा मधला होत जातो, हेही. सूड म्हणून साहेबाच्या नावाच्या बाहुलीला टाचण्या टोचल्या तर माणसाला थोडं न्याय मिळाल्यासारखं वाटतं, असाही एक गंभीर अभ्यास झाला. त्याला विचित्र संशोधनासाठी दिलं जाणारं २०१८ चं इग नोबेल मिळालं. लिंबू-मिरचीवाल्यांनी हुरळून जाऊ नये. साहेबाला त्यात काहीच होत नाही.

सोडून जाणं हा पराभव मानण्याचं कारण नाही, फक्त ते किल्ल्या मोजून करावं: नोटीस पिरियडची अट, थकलेला बोनस, विम्याची तारीख, कर्जाचा हप्ता. सहा महिन्यांचा खर्च बँकेत असलेला माणूस मीटिंगमध्ये वेगळ्या आवाजात बोलतो, आणि साहेबालाही तो आवाज ओळखू येतो. बऱ्याचदा मग सोडायची वेळच येत नाही.

आता मात्र अशी नोकरी वाढते आहे जिच्यात साहेबच नाही. पुण्या-मुंबईत जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला झापणारा कुणी नसतो. रेटिंग खाली येतं, चांगल्या वेळेचे स्लॉट मिळेनासे होतात, एके सकाळी आयडी ब्लॉक झालेला असतो, आणि हेल्पलाइनवरचा आवाज ठरलेली वाक्यं म्हणतो. कुणापुढे नमतं घ्यावं, कुणाला मस्का लावावा, कुणाला घेराव घालावा, तेच कळत नाही. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात अशा कामगाराला काढण्याआधी लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना देण्याची अट घातली, आणि काम वाटणारी यंत्रणा कशी चालते ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायलाही बजावलं. ऑर्डर कुणाला द्यायची हे ठरवणारा तो प्रोग्रॅम म्हणजे आजचा फाटकावरचा जॉबर, आणि त्याची किल्ली कुठे ठेवलेली असते हे शोधायचं काम आत्ताशी कुठे सुरू झालंय.